सहा फॉर्मांतले साम्राज्य

पुस्तक वाचल्याने माणसाचे ज्ञान वाढते, हे सर्वमान्य आहे. गुण मात्र वाढत नाहीत, हे आमच्या खान्देशात १९७४ साली प्रयोगाने सिद्ध झाले.

त्या वर्षी बी.ए.च्या इंग्रजीसाठी एक जुनी साहसकथा नेमण्यात आली. एक गोरा गृहस्थ बंदुका घेऊन नदीकाठच्या परक्या मुलखात शिरतो, तिथल्या दोन टोळ्यांत भांडण लावतो आणि दोन्हींचा राजा होतो, असे तिचे कथानक. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अंगी महत्त्वाकांक्षा बाणावी हा नेमणुकीमागचा हेतू. इंग्रजांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती, तेव्हा त्यांच्याविषयी मोकळेपणाने आदर बाळगायला आता हरकत नव्हती.

चाळीसगावच्या कॉलेजच्या वाचनालयात मूळ पुस्तकाची एक प्रत होती. ती वर्षभरात तीनदा कपाटाबाहेर आली (दोनदा पाहुण्यांच्या सत्कारात टेबलावर मांडायला, एकदा त्याच टेबलाच्या पायाखाली). अभ्यास सगळा गाईडवर. गाईड लिहिले प्रा. लीलाधर चौधरी यांनी आणि छापले चाळीसगावचे वह्या-पुस्तकांचे व्यापारी सुरेशचंद शेठ यांनी. ते कागदाच्या टंचाईचे वर्ष. शेठ म्हणाले, "सर, सोळा पानी सहा फॉर्मच्या वर कागद नाही. शहाण्णव पानांत बसवा."

कथेचे शेवटचे प्रकरण सातव्या फॉर्मात जात होते. त्यात दोन्ही टोळ्या एक होतात आणि राजाला हाकलून देतात. ते गाळले. उरलेल्या दोन ओळींच्या जागेत सरांनी स्वतः लिहिले, की राजा प्रजेसह सुखाने नांदू लागला. अशा रीतीने जगभर बुडालेले ते राज्य जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शाबूत राहिले.

राजाच्या यशाची कारणे गाईडात पाच दिली होती : धैर्य, दूरदृष्टी, शिस्त, बंदुका आणि प्रजेचे प्रेम. (बंदुका चौथ्या क्रमांकावरच लिहाव्यात, अशी तळटीप होती.)

चाळीसगावजवळच्या एका खेड्यात चुडामण पाटील नावाचे प्राथमिक शिक्षक होते. वय एकेचाळीस. गावात नवे हायस्कूल निघाले होते, आणि बाहेरून बी.ए. झाल्यास तिथली जागा त्यांना मिळणार होती. संस्थेने ती डिसेंबरअखेरपर्यंत राखून ठेवली होती. अशा नाजूक परिस्थितीत गुरुजींनी एक गंभीर चूक केली. त्यांनी मूळ पुस्तक विकत घेऊन वाचले. डिक्शनरी शेजारी ठेवून, शेवटच्या पानापर्यंत.

त्यांच्या पत्नी धुरपदाबाई शाळेची पायरी न चढलेल्या, पण परीक्षापद्धती त्यांना उपजतच कळत होती. सगळ्यांचे गाईड सोडून नवरा भलतेच वाचतो आहे, हे पाहून त्या म्हणाल्या, "बठ्ठा वाचतस ते सोडीसन तुम्ही हाई काय वाची ऱ्हायनात?"

एप्रिलच्या पेपरात राजाच्या यशाची कारणे विचारली गेली. राजा अखेर यशस्वी झालाच नाही, असे गुरुजींनी चार पानांत सप्रमाण लिहिले. वीसपैकी दोन गुण मिळाले (अक्षरासाठी). चार गुणांनी ते नापास झाले.

गुरुजी पुस्तक घेऊन चौधरी सरांकडे गेले; पेपर तपासणारेही तेच होते. शेवटचे प्रकरण उघडून समोर धरले.

"मला माहीत आहे," सर शांतपणे म्हणाले. "पण चौदाशे मुलांनी राज्य टिकलं असं लिहिलंय. आता तुमच्या एकट्यासाठी ते बुडवायचं का?"

गुरुजींनी पुस्तक मिटले.

"ऑक्टोबरात पुन्हा बसा," सर म्हणाले. "राज्य टिकवा."

ऑक्टोबरात प्रश्न आला : राजाविषयी प्रजेच्या भावना काय होत्या? गुरुजींनी आधी बाकीचे सगळे प्रश्न सोडवले. मग प्रजेच्या प्रेमावर त्यांनी तीन पाने लिहिली. दुसरा वर्ग मिळाला, हायस्कुलातली जागाही मिळाली. त्यांना आनंद झाला आणि लाजही वाटली.

पुढे टंचाई संपली. सुरेशचंद शेठ सचोटीचे गृहस्थ. गाईडाची नवी आवृत्ती काढताना मुद्दाम गुरुजींच्या घरी आले. "गुरुजी, आता कागद मुबलक आहे. ते शेवटचं प्रकरण तुमच्याच हातून लिहून द्या."

गुरुजींनी बराच वेळ पानाला चुना लावला.

"नको, शेठ," ते म्हणाले. "पोरं नापास होतील."

यावर आपण गुरुजींना हसला असाल, किंवा सुस्कारा सोडून त्यांची कीव केली असेल. करावी. मात्र त्या पुस्तकाचा शेवट काय, हे आपण माझ्या शब्दावर मानून चालला आहात. मूळ प्रत मिळवून एकदा पाहावी, असे वाचताना एकदाही आपल्या मनात आले नाही. तेव्हा आपल्यालाही दुसरा वर्ग द्यायला आमची काही हरकत नाही.