मारबतीची साडी

भोजराजच्या हातून साडी निवडताना चूक झाली, यात नवल नाही. नवऱ्यांना साड्यांचे दोनच रंग कळतात: एक लाल आणि दुसरा लाल नसलेला. नवल हे, की ती चूक मारबतीच्या अंगावर चढून, डफड्याच्या तालावर गावभर मिरवायला निघाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आसगावात मारबत निघते. बांबू आणि भाताच्या तणसाची बाई. घराघरातला खोकला, ताप, नजर, भांडणं सारं तिच्या स्वाधीन करायचं आणि शिवेपार नेऊन तिला जाळायचं. एवढं ओझं नेणाऱ्या बाईला नेसायला मात्र गाव सगळ्यात विटकी साडी देतं. यंदा तो मान भोजराजच्या घरी होता.

"पेटीतली वरचीच काहाडा जी, जुनी हाय," डाळीचे बडे तळता तळता त्याची बायको शकुनबाई ओरडली होती. घरात पेट्या दोन. जुन्या कपड्यांची पडवीत, चांगल्या कपड्यांची आतल्या खोलीत. भोजराजला आतली जवळ पडली.

तिच्यात सगळ्यात वर होती सानगडीच्या उषाबाईंनी कुंकवाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी दिलेली साडी. उषाबाई म्हणजे लेक रेणूच्या होणाऱ्या सासूबाई. लग्नाची तारीख काढायला त्या कालच मुक्कामाला आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे आज तीच साडी नेसायची असं शकुनबाईने ठरवलं होतं. उषाबाईंनी याआधी मुलाची एक जमत आलेली सोयरीक मोडली होती. कारण, चहा कपाऐवजी गिलासात आला.

"रेणूचे बाबा, जरासे इकडं या," शकुनबाईने हाक मारली. आवाज इतका गोड होता, की भोजराजने आधी बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"काय झालं वो?"

"इहीनबाईनं देल्ली ते साडी कुठं हाय? मोरायची?"

भोजराजला मोर आठवले. पहाटे साडी नेसवताना म्हातारा तुलाराम म्हणालाही होता, "यंदा मारबत अगदी पाटलीनबाई दिसून राह्यली!" भोजराजला ते स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"ते... गेली," तो म्हणाला.

"गेली? कुठं?"

उत्तर रस्त्यावरून आलं. डफडं कडाडलं आणि शेदीडशे गळे ओरडले, "इडापीडा घेऊन जाय गे मारबत!"

शकुनबाई मटकन पेटीवर बसली. "मायबाई! पोरीचं लगन गेलं!"

"इहीनबाई कुठं हाय?"

"मारबत पाहाले गेली."

भोजराजने खाटेवरची चादर ओढली आणि धूम ठोकली.

चौकात मारबत चार जणांच्या खांद्यावर डुलत होती आणि तिच्या पदरावरचे जरीचे मोर तिच्याहून जास्त नाचत होते. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. देवाची कृपा एवढीच, की उषाबाई डफड्यांच्या पुढे चालत होत्या. उत्साहात. मागे न बघता.

"काका, साडी बदलाची हाय!" भोजराज तुलारामच्या कानात ओरडला. मारबतीचे सगळे नियम तुलारामकडे असत. नसले, तर तो तिथल्या तिथे करी.

"येडा झाला का बे? नेसवली का तिची झाली. जो काहाडल, साऱ्या गावचा खोकला त्याच्या घरी!"

"अना वरून पांघरली तं?"

तुलारामने विचार केला. "पांघरलेल्याचा नियम नाही."

भोजराजने चादर मारबतीच्या खांद्यावरून टाकली. मोर झाकले गेले. इथे गोष्ट संपली असती. पण देवानंदने पाहिलं. देवानंद सोसायटीच्या निवडणुकीत भोजराजकडून पडला होता आणि अजून उठला नव्हता.

"भोजराज चादर चढवते, अना आमी का मेलो का?" म्हणत त्याने सत्कारात मिळालेली शाल मारबतीवर घातली. मग कोणी कमी पडेना. दुपट्टे आले, गोधडी आली. घरात डेंगीचा ताप येऊन गेलेल्या एकाने मच्छरदाणी चढवली. मारबत फुगत गेली.

"यंदा मारबत पोटुशी हाय का वो?" दारातली एक बाई म्हणाली.

शेवटी गावाची कमान आली आणि मारबत तिच्यात अडकली. पुढे जाईना. मागे घ्यायची सोय नव्हती. मारबत माघारी फिरली, की दिलेलं सगळं घरोघर परत.

"अरे, पाहाता काय? पांघरलेलं काहाडा ना!" कमानीपलीकडून उषाबाईंनी सूत्रं हाती घेतली. मच्छरदाणी निघाली. गोधडी निघाली. देवानंदने आपली शाल तेवढी काळजीपूर्वक घडी घालून काखेत मारली. चादरीला मात्र भोजराज दोन्ही हातांनी लटकला होता.

"हे राहू द्या जी. थंडी हाय."

भाद्रपदातल्या उकाड्यात सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. उषाबाईंनी स्वतः पुढे होऊन चादर खेचली.

मोर बाहेर आले. डफडं थांबलं. धापा टाकत पोचलेल्या शकुनबाईने डोळ्यांवर पदर घेतला. उषाबाईंनी मारबतीचा पदर हातात धरला, उलटा करून पाहिला आणि एकाएकी दोन्ही हात वर केले.

"घेऊन जाय गे मारबत! खासी घेऊन जाय, ताप घेऊन जाय, अना माह्या जावेची, त्या रुखमिणीची नजर बी घेऊन जाय!"

"घेऊन जाय गे मारबत!" गाव गरजलं. सानगडीची रुखमिणी कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण मारबतीला जागा होती. कमान पार झाली, शीव आली, काडी लागली.

"बेस केलं, इहीनबाई!" उषाबाईंचा आनंद मावेना. "रुखमिणीनं हे साडी देल्ली अना माही म्हैस आटली, बोअर आटला. घरातून जातच नोती! मंग म्या..."

त्या थांबल्या.

"मंग तुमी आमाले देल्ली," शकुनबाईने शांतपणे पुढचं वाक्य पुरं केलं.

तणसाने भडका घेतला. मोर जळू लागले.

"तारीख तुमी म्हणाल तेच धरू," उषाबाई घाईने म्हणाल्या. "अना मानपान तं आमाले बिलकुल पाह्यजे नाही."

रिवाजाप्रमाणे मागे न बघता सगळे घरी परतले. शकुनबाईने चहा दिला. गिलासात. उषाबाईंनी दोन गिलास घेतले आणि छान झाला म्हणाल्या. मग पिशवीतून एक साडी काढून विहिणीच्या ओटीत घातली. "हे माह्या पसंतीची हाय, बरं का!"

शकुनबाईने साडी डोळ्यांना लावली. डांबरगोळीच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. तिने ती नवऱ्याच्या हातात दिली.

भोजराज आता शहाणा झाला होता. आधी विचारलं, "कोणत्या पेटीत ठेवू?"

"पडवीतल्या," शकुनबाई म्हणाली. "वरच्यावर."