खैरनारभाऊंचं सॅम्पल

आमच्या शेजारच्या खैरनारभाऊंनी एकदा माझ्या पुरणपोळीला व्हर्निअर लावला होता. व्हर्निअर म्हणजे कारखान्यात पार्टची जाडी मोजायचं चिमट्यासारखं अवजार. होळीचा सण म्हणून मी आपली तूप सोडून ताट घेऊन गेले, तर यांनी पोळीची कड मोजली, मधला भाग मोजला आणि म्हणाले, "वहिनी, जाडी सारखी नाही. रिजेक्ट." मग चार खाल्ल्या.

सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून या माणसाचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर निरोपाला मिळालेलं घड्याळ त्यांनी आठवडाभर तपासलं आणि ते रोज चार सेकंद मागे पडतं असं ऑफिसात लेखी कळवलं. मग सगळा मोर्चा इंदिरानगरकडे वळला. गल्लीतला स्पीडब्रेकर रिजेक्ट, माझी रांगोळी रिजेक्ट, दूधवाल्याचं माप तर विचारूच नका. कुणाला 'छान' म्हटलेलं मी वीस-पंचवीस वर्षांच्या शेजारात ऐकलेलं नाही. खूश झाले तर 'चालेल' म्हणतात, तेही दुसरीकडे बघत.

त्यांची बायको सुनेच्या बाळंतपणाला म्हणून हैदराबादला निलेशकडे, म्हणजे मुलाकडे गेली आणि तिकडेच राहिली. मी तिला दोष देत नाही. रविवारी बापलेकांचा फोन होतो. हैदराबादेत किती ऊन, नाशकात किती ऊन, संपला फोन.

अशा माणसाच्या दारात एक दिवस टेम्पोतून शिंगरू उतरलं. बुटक्या जातीचं, वर्षभराचं, माझ्या कमरेलाही न पोचणारं. सिन्नरकडे कुणाचं तरी हुरडा पार्टीचं फार्म बंद पडलं, तिथून भाऊंनी ते आणलं. गाडी विकून गाडीच्या जागेत बांधलं आणि नाव ठेवलं सॅम्पल. आता यात काय मोजणार, म्हणून मी मधल्या भिंतीवर चहाचा कप ठेवून बघायला उभी राहिले.

भाऊंनी व्हिडिओ बघून एक क्लिकर मागवला होता. मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, दाबली की टक् वाजते. जनावराने बरोबर काही केलं की त्याच क्षणी टक्, आणि लगेच गाजराचा तुकडा. चुकलं तर काही नाही. ओरडायचं नाही, काठी नाही.

"म्हणजे रिजेक्ट म्हणायचं नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही," भाऊ गंभीरपणे म्हणाले. म्हटलं धन्य आहे, या घरात घोड्याचा जन्म घेतलेला बरा.

सॅम्पल बादलीला नाक लावायला शिकलं, दोरीबरोबर चालायला शिकलं, माझ्या कुंडीतली कोथिंबीर खायला तर आपणहूनच शिकलं. अडलं ते मागच्या पायांशी. पायाला हात लावू देईना, आणि खूर वाढून तिरपे व्हायला लागले. भाऊंनी जुन्या नाशकातून रफिकभाईंना बोलावलं. टांग्याच्या घोड्यांपासून हे काम त्यांच्या घराण्यात. त्यांनी वाकून पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, खूर लवकर कापले नाहीत तर पाय जन्माचा वाकडा होईल. दोरीने बांधून आडवं पाडतो, अर्ध्या तासाचं काम. भाऊ नको म्हणाले. एकदा बांधून पाडलं तर ते परत कुणालाच पाय देणार नाही. शेवटी रफिकभाईंनी तीन आठवड्यांची मुदत दिली आणि त्यानंतर मी ऐकायचो नाही म्हणून बजावलं.

रोज सकाळी भाऊ एका बुटक्या लाकडी स्टुलावर बसून शिकवणी घ्यायचे. स्टूल डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. सॅम्पल पाय उचलायचं आणि लगेच लाथ झाडायचं. आठवड्याभरात लाथ अशी काही सफाईदार झाली की बघत राहावं. भाऊंची नडगी निळी पडली. मी फुकटचा तमाशा बघत होते, आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. सॅम्पलने पाय उचलला की भाऊ वाकायचे, खूर या बाजूने बघायचे, त्या बाजूने बघायचे, मनाची खात्री करायचे आणि मग टक्. तोवर लाथ बसलेली असायची.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही लाथेला गाजर देताय."

त्यांनी हातातल्या क्लिकरकडे पाहिलं. म्हणाले, "पण तपासल्याशिवाय पास कसं करायचं, वहिनी?"

त्यानंतर टक् वेळेवर करायच्या सरावासाठी मेलं मलाच कामाला लावलं. मी भिंतीवरून लिंबं टाकायची आणि लिंबू जमिनीला टेकेल त्या क्षणी भाऊंनी टक् करायचं. येणारीजाणारी माणसं थांबून बघायची. पहिले दोन दिवस माझं लिंबू गटारापर्यंत पोचलं तरी यांचं तपासणं चालूच. चौथ्या दिवशी जमलं.

ठरल्या दिवशी रफिकभाई आले. मी गाजराची वाटी घेऊन उभी. सॅम्पलने पाय उचलला, टक्. भाऊंनी तो हळूच स्टुलावर टेकवला, टक्. रफिकभाईंची कानस खुरावर चालायला लागली आणि ते पोर कान टवकारून गाजर चघळत उभं राहिलं. चारही पाय झाले. रफिकभाईंनी आडवं पाडायला आणलेली दोरी न उलगडताच परत पिशवीत टाकली.

भाऊंनी क्लिकर माझ्या हातात दिला आणि निलेशला व्हिडिओ कॉल लावला. कामाचा दिवस, भर दुपार. निलेश घाबरलाच, तुमची तब्येत बरी आहे ना म्हणायला लागला. भाऊंनी फोन स्टुलाकडे फिरवला.

"तुझं स्टूल," ते म्हणाले. "घोड्याने चारही पाय ठेवले."

तेव्हा मला ओळखू आलं. निलेशने आठवीत शाळेच्या वर्कशॉपमध्ये ते केलं होतं आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं होतं. भाऊंनी ते याच फरशीवर ठेवून मोजलं, एक पाय दोन मिलिमीटर कमी भरला, रिजेक्ट. पोरगं जेवलं नव्हतं त्या दिवशी. मला वाटलेलं, स्टूल कधीच बंबात गेलं असेल.

पलीकडे निलेशचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

"छान केलं होतंस," भाऊ म्हणाले. "मला तेव्हाच दिसलं होतं. मी तपासत बसलो."

मला राहवलं नाही. मी हातातला क्लिकर दाबला, टक्, आणि वाटीतलं गाजर त्यांच्यापुढे धरलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले, आणि निमूटपणे ते तोंडात टाकलं.

"बाबा," निलेश म्हणाला, "जवळून दाखवा ना."

भाऊंनी आधी पायाने ती पुठ्ठ्याची घडी बाजूला सारली आणि मग फोन स्टुलाजवळ नेला.