हत्तीची सार्वजनिक हजामत

"एकाच दिवशी देखभालही उरकेल आणि कार्यक्रमही! डोकं लागतं त्याला, डोकं!" असं म्हणून उद्यान खात्याच्या साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. कपातला चहा हिंदकळला. समोर उभे असलेले माळीकाका मात्र जागचे हलले नाहीत, कारण साहेबांचं डोकं चाललं की आपले हातपाय चालवावे लागतात हा त्यांचा अनुभव होता.

साहेबांचं दुखणं तसं खरं होतं. दर महिन्याला खात्याच्या मानगुटीवर दोन भुतं बसायची. एक मासिक देखभाल आणि दुसरा लोकांसाठी सार्वजनिक कार्यक्रम. आणि ही दोन भुतं हटकून एकमेकांच्या अंगावर धावून जायची! गेल्या महिन्यात पक्षीनिरीक्षण ठेवलं, तर नेमकं त्याच सकाळी गवत कापायचं यंत्र सुरू झालं. पक्षी शेजारच्या गावाला गेले आणि लोक मान अवघडून घरी गेले. त्याआधी ध्यानाचं शिबिर घेतलं, तेव्हा मंडळींनी डोळे मिटताच घसरगुंडीवर हातोडे पडायला लागले.

"या वेळी लोकच देखभाल करणार!" साहेब म्हणाले. "ज्याने त्याने घरून आपली कात्री आणायची आणि आपल्या हत्तीला छाटायचं. लोकसहभाग!"

आता हा हत्ती कोण, तर बागेच्या मधोमध वर्षानुवर्षं वाढवलेलं, छाटून छाटून हत्ती केलेलं भलंमोठं झुडूप. दोन पुरुष उंच, कान सुपाएवढे, सोंड वर उचललेली. गावात कुणालाही पत्ता सांगायचा झाला की सुरुवात हत्तीपासून व्हायची.

"साहेब, हत्तीला मी एकटाच हात लावतो," माळीकाका म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, या महिन्यात तुम्ही आराम करा."

"आराम? मग छानच की!" माळीकाका म्हणाले. आराम मिळत असताना वाद घालणाऱ्यातले ते नव्हते.

साहेबांना एवढा उत्साह येण्यामागे कारण होतं. गेली अकरा वर्षं ते 'प्रभारी' होते. म्हणजे काम पूर्ण, शिव्या पूर्ण आणि खुर्ची तात्पुरती! त्यात त्यांचे साडू पाणीपुरवठ्यात कायम. घरी जेवायला आले की साडू ताटावर बसता बसता विचारायचे, "काय, अजून प्रभारीच का?" आणि उत्तराची वाट न बघता भाजी वाढून घ्यायचे.

पण या महिन्यात योग जुळून आला होता. खुद्द नगरपालिकेच्या अध्यक्षबाई कार्यक्रमाच्या समारोपाला चार वाजता येणार होत्या. लहानपणी त्यांना या हत्तीच्या सोंडेखाली उभं करून फोटो काढलेला होता. तसाच फोटो त्यांना आता नातीबरोबर काढायचा होता. आणि तिथेच, हत्तीच्या साक्षीने, साहेबांच्या हातात कायम नेमणुकीचा आदेश पडणार होता. बायकोने बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं होतं, "चार वाजेपर्यंत प्रभारी, सव्वाचारला कायम!"

ठरल्या दिवशी सकाळी बागेत ही गर्दी! कुणी शिवणाची कात्री आणली, कुणी केसांची, तर एका आजोबांनी मिशीची. साहेबांचा ऊर भरून आला.

इथे खात्याची एक जुनी रीत सांगायला हवी. हा हत्ती पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांच्या बरोबर हद्दीवर उभा होता. कुठल्याशा जुन्या अधिकाऱ्याने सोंडेपासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ ठरवून दिली होती. डावा हत्ती पूर्वेचा, उजवा हत्ती पश्चिमेचा, आणि एका विभागाने दुसऱ्याच्या अर्ध्याला बोट लावायचं नाही! माळीकाका दोन्ही विभागांचे, त्यामुळे आजवर कुणाला काही जाणवलं नव्हतं. सकाळी ते पूर्वेचे असत, जेवण झालं की पश्चिमेचे.

साहेबांनी रीत मोडली नाही. लोकांचेही दोन गट केले. डाव्या हत्तीवर सलूनवाले प्रमुख, उजव्यावर टेलरमास्तर. दोघांचा हात कात्रीवर बसलेला, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात न बसलेलं! त्यांची दुकानं समोरासमोर होती आणि आपल्यासारखी कात्री गावात कुणाची चालत नाही, असं दोघांनाही मनापासून वाटत होतं.

"फक्त एवढंच बघा," साहेबांनी बजावलं, "दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत!" आणि ते पलीकडच्या मंडपात समारोपाचं भाषण पाठ करायला निघून गेले. बायको तिथे इस्त्रीचा कोट घेऊन बसलीच होती.

तासाभराने टेलरमास्तर फीत घेऊन पलीकडे डोकावले आणि ओरडले, "अहो, तुमचा कान दोन बोटं आखूड झालाय!"

"आखूड नाही, व्यवस्थित झालाय. तुमचाच लोंबतोय!" सलूनवाले म्हणाले.

सारखं दिसायला हवं ना? टेलरमास्तरांनी आपला कान दोन बोटं कापला. अंदाज चुकला, तीन बोटं गेली. मग सलूनवाल्यांनी आपला एक बोट कमी केला. तो चार बोटं कमी झाला. त्या गटातल्या एका बाईंनी "मी जरा कडा नीट करते" म्हणत कडेसकट कान उतरवला. हा हा म्हणता दोन्ही कान अगदी सारखे झाले, म्हणजे दोन्ही नाहीसे झाले!

"आता बरोबर जमलं," टेलरमास्तर समाधानाने म्हणाले.

माळीकाका समोरच्या बाकावर चहाचा थर्मास उघडून बसले होते. "वा!" ते म्हणाले. "उन्हाळ्यात हत्तीला हलकं वाटेल."

खरा तंटा पेटला तो सोंडेवरून. रेघ सोंडेच्या मधून जात होती. म्हणजे अर्धी सोंड सलूनवाल्यांची, अर्धी टेलरमास्तरांची. एकाने आपली अर्धी बारीक केली, दुसऱ्याने ती बघून आपली अर्धी त्याहून बारीक केली. दोघंही रेघेच्या पलीकडे मात्र कात्री नेत नव्हते हो! नियम म्हणजे नियम! शेवटी सोंड छत्रीच्या दांडीएवढी उरली, आणि मिशीची कात्री आणलेल्या आजोबांनी "हे एक पान तेवढं राहिलं" म्हणून हात घातला.

कट्‌! सोंड आजोबांच्या पायाशी येऊन पडली.

तेवढ्यात भाषण पाठ झाल्याच्या आनंदात साहेब हात चोळत आले.

"काय, कुठवर आलंय?" असं विचारता विचारता त्यांची नजर वर गेली आणि तोंड उघडंच राहिलं. "सोंड... सोंड कुठाय?"

"साहेब, अर्धी त्यांच्याकडून गेली," टेलरमास्तर म्हणाले.

"आणि अर्धी यांच्याकडून!" सलूनवाले म्हणाले.

"आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत," आजोबांनी चाचरत भर घातली.

साहेब मटकन बाकावर बसले. डोळ्यांसमोर साडू उभे राहिले, हातात भाजीचा डाव घेऊन. "चार वाजता बाई येणार! सोंडेखाली फोटो काढणार! आता मी त्यांना काय दाखवू?" त्यांचा आवाज खरोखरच रडवेला झाला होता. अकरा वर्षांच्या आशेवर एका मिशीच्या कात्रीने पाणी फिरवलं होतं.

"सोंड बांधून ठेवू या का?" मंडपातून मागोमाग आलेल्या बायकोने विचारलं. बांधूनही बघितली. ती अशी काही लोंबायला लागली की हत्तीला सर्दी झालीय असं वाटावं. सोडून टाकली.

"साहेब, हत्ती नसेल होत तर अस्वल करू," सलूनवाल्यांनी सुचवलं. "तोंड गोल केलं की झालं अस्वल."

बुडत्या साहेबांना तेवढाही आधार पुरे होता. तोंड गोल केलं. पण अस्वल काही केल्या होईना, कारण पाय हत्तीचेच राहिले होते. पाय बारीक केले, तर पोट मोठं दिसायला लागलं. पोट आत घेतलं, तर ते डुक्कर दिसायला लागलं!

"अध्यक्षबाईंना डुकराबरोबर उभं करू?" साहेब किंचाळले. "एखादा चांगला प्राणी करा हो! गोंडस! ससा करा!"

"सशाला कान लागतात साहेब," टेलरमास्तर हळूच म्हणाले. "ते सकाळीच संपले."

आता मंडळींच्या लक्षात आलं की आपल्याला फक्त लहान प्राणीच करता येतात, आणि तेही उतरत्या क्रमाने. कापड कमी पडलं तर टेलरमास्तर जोड देऊ शकत होते. इथे जोड कुठून आणणार? पाय गेले, मान गेली. मांजर होता होता राहिलं. शेवटी टेलरमास्तरांनीच तोडगा काढला, "सरळ गोल करून टाका. गोलाला डावं-उजवं नसतं, भांडण नको!"

म्हणून गोल करायला घेतलं, आणि तो वरून जरा चपटा झाला एवढ्यात फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला.

अध्यक्षबाई उतरल्या. एका हातात नात, दुसऱ्या हातात जुना फोटो. साहेबांनी कोटाची बटणं चुकीची लावली आणि पुढे होऊन पाठ केलेलं भाषण सुरू केलं. बदलायला वेळच नव्हता! "आदरणीय अध्यक्षबाई, ज्या हत्तीच्या विशाल छायेत आपण लहानाच्या मोठ्या झालो..." आणि त्यांनी मागे हात केला. मागे गुडघ्याएवढा हिरवा ढीग होता.

बाईंनी ढिगाकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग परत ढिगाकडे. साहेबांच्या बायकोने डोळे मिटून घेतले. माळीकाकांनीसुद्धा बिस्किट चावायचं थांबवलं.

"आजी, कासव!" नात एकदम ओरडली आणि हात सोडवून धावत सुटली. ढिगाला मिठी मारली, त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि त्याला टेकून बसली.

बाई अचानक खळखळून हसल्या. "अहो साहेब, एक सांगू? मी या हत्तीला भयंकर घाबरायचे! बाबांनी बळेच उभं केलं होतं. हा बघा फोटो, भोकाड पसरलंय मी!" खरंच फोटोत एक मुलगी हत्तीपेक्षा मोठं तोंड उघडून रडत होती. "आणि हिला बघा, उठायलाच तयार नाही! कुणाची कल्पना ही?"

"माझी!" साहेब, सलूनवाले आणि टेलरमास्तर एका सुरात म्हणाले.

टाळ्या झाल्या. कासवाबरोबर फोटो झाला. साहेबांच्या अंगात पुन्हा जीव आला. बाईंनी पर्समधून आदेशाचं पाकीट काढलं, साहेबांनी दोन्ही हात पुढे केले, बायकोने फोन कानाला लावला.

तेवढ्यात बाईंना काय उत्साह आला कुणास ठाऊक! पाकीट तसंच धरून त्या गर्दीकडे वळल्या. "मंडळी, किती सुंदर उपक्रम! हत्तीचं कासव केलंत! आता दर महिन्याला लोकांच्या हातून एक नवा प्राणी! बाळ, पुढच्या वेळी कोणता हवा?"

"जिराफ!" नात म्हणाली.

"ठरलं! आणि साहेब, हा आदेश मी तुम्हाला जिराफाखाली उभं राहूनच देणार. तशी मजा इथे नाही यायची!" असं म्हणून त्यांनी पाकीट पर्समध्ये परत टाकलं, नातीला कासवाजवळून उचललं आणि गाडी निघूनही गेली.

साहेबांचे दोन्ही हात अजून पुढेच होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले आणि बाकापाशी गेले.

"काका, याचा जिराफ व्हायला किती दिवस लागतील?"

माळीकाकांनी कासवाकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग साहेबांच्या पिकलेल्या केसांकडे. "साहेब," त्यांनी मायेने विचारलं, "तुम्ही रिटायर कधी होताय?"

मागे बायको फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं हो, झालेच म्हणायचे कायम! सगळं झालंय. फक्त एक जिराफ यायचा बाकी आहे."