शेजाऱ्याच्या परसातलं सरकार

आमच्या मर्कफोर्ड गावात आरोग्य निरीक्षक नेमला गेला, तेव्हा इंग्लंडचं स्वातंत्र्य धोक्यात आल्याचं सर्वांत आधी माझ्या लक्षात आलं. मी, होरेस टिबेट, मेणबत्त्यांचा व्यापारी आणि स्वातंत्र्यरक्षक मंडळाचा संस्थापक-अध्यक्ष. खानावळीच्या माडीवर मटण आणि पोर्ट वाइन यथास्थित झाल्यावर मी गरजलो, "इंग्रज माणसाच्या संडासाचा खड्डा हा तो आणि परमेश्वर यांच्यातला प्रश्न आहे!" टाळ्यांनी माडी दणाणली. परवानगीशिवाय निरीक्षकाने कोणाच्याही परसात पाऊल टाकू नये, असा ठराव झाला. नगर समितीत आमचीच माणसं असल्याने तो नियमही झाला.

उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. पाठोपाठ माझी धाकटी फ्लोरा तापाने फणफणली. तिचा हात हातात घेतला आणि मी पार हादरलो. दोष कोणाचा, हे मात्र उघड होतं. शेजारचा पिलबीम ब्रश बनवतो आणि चर्चमध्ये जांभया देतो.

"पिलबीम, तुमचा खड्डा माझ्या विहिरीत झिरपतोय!" मी कुंपणावरून ओरडलो. "निरीक्षकाला आत घ्या!"

"छे हो! तुमचं भाषण ऐकल्यापासून तो माझा न् देवाचा मामला झालाय. तुम्हीच तर डोळे उघडलेत."

मी निरीक्षक गॅस्कॉइनकडे धावलो. तो शांतपणे म्हणाला, "परवानगी नाही, तर पाऊल नाही. नियम आपलाच आहे, साहेब."

"अहो, मग जाळा तो नियम!" माझी बायको लव्हिनिया रडत म्हणाली. "पोर हातची जाईल!"

पण अध्यक्षानेच नियम मागे घ्यायचा, तर मंडळाची अब्रू काय राहिली? मी तातडीची सभा बोलावून सुवर्णमध्य मांडला: स्वतःचं परस पवित्रच, निरीक्षकाने फक्त शेजाऱ्यांच्या परसात जावं. आपापला शेजारी डोळ्यांपुढे आणून सगळ्यांनी हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस्कॉइन कुदळ घेऊन माझ्याच फाटकाशी उभा.

"चुकलात. पिलबीम पलीकडे राहतात," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. तुम्ही त्यांचे शेजारी ना?"

त्याने खणलं. माझ्या खड्ड्याची भिंत विहिरीच्या अंगाला फुटली होती. मग तो माझ्या शेजाऱ्याकडे, म्हणजे पिलबीमकडे गेला. त्याचा खड्डा परसाच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि ठणठणीत होता.

फ्लोरा वाचली. पिलबीमबाई रोज कुंपणावरून त्यांच्या विहिरीचं पाणी देत होत्या, तेच ती प्यायली. त्यांच्यापुढे मान वर करायची मला लाज वाटते. तरीही मंडळाच्या पुढच्या सभेत माझं भाषण आहेच.

हसा, वाचकहो, खुशाल हसा. पण सरकारने तुमच्या शेजाऱ्याला एकदा वठणीवर आणावं, असं तुम्हालाही वाटतंच ना? मग जरा फाटकाशी जाऊन या. कुदळ घेऊन कोणीतरी केव्हाचं उभं आहे.