बारा बंदुका आणि एक मेलेली भट्टी

मी एकदा ठरवलं की ठरवलं! उगाच मागे-पुढे करणाऱ्यातला माणूस नव्हे मी. म्हणून ऑक्टोबरात आमच्या तळघरातली, सारं घर तापवणारी भट्टी दगावली आणि नवी घ्यायला पैसे नाहीत हे कळलं, तेव्हा मी कॉफीचा मग टेबलावर आपटून व्हर्नाला सांगितलं, "बंदुका विकतो!"

व्हर्ना म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं.

"किती?"

"बारातल्या नऊ. हरणाला एक, टर्की पक्ष्याला एक, आणि कोंबड्यांवर टपलेल्या कोल्ह्याला एक. माणसाला आणखी लागतं काय?"

"हेच मी वीस वर्षं सांगतेय."

"तेव्हा घर गरम होतं ना!"

बोलणं सोपं हो! कपाट उघडून बसलो आणि एकेक हातात घ्यायला लागलो. ही माझ्या पहिल्या टर्कीची. ही सासऱ्यांनी लग्नात दिलेली, माझी दया येऊन. हिचा नेम डावीकडे जातो, पण आवाज काय गोड! संध्याकाळपर्यंत विकायच्या ढिगात एकच बंदूक होती, आणि तिची नळी गंजलेली.

शेवटी व्हर्नानेच नऊ निवडून गाडीत घातल्या आणि मला शहरातल्या दुकानाकडे पिटाळलं. दुकानदाराने माझ्या आयुष्यभराच्या ठेव्यावरून अशी नजर फिरवली, जशी आपण शिळ्या भाजीवरून फिरवतो.

"असल्या माझ्याकडेच पडल्यात ढीगभर. ही मात्र घेईन."

ही म्हणजे आजोबांची रायफल! लाकडी दस्त्यावर त्यांनी चाकूने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर वाकडंतिकडं कोरलेलं. बाराव्या वर्षी त्यांनी ती माझ्या हातात दिली होती, आणि माझ्या नेमाला हसून हसून ते बर्फात बसले होते. ती मी विकायला नेलीच नव्हती हो! बाकीच्यांना जरा वजन यावं म्हणून सोबत नेली होती.

पण घरी व्हर्ना दोन कोट घालून भांडी घासत होती. मी मान हलवून 'घे' म्हटलं. आलेल्या पैशांत भट्टीवाल्याची आगाऊ रक्कम तेवढी भागली. उरलेली दिल्याशिवाय तो स्क्रूसुद्धा पिळणार नव्हता. आणि मी घरापर्यंतचे चाळीस मैल रडत आलो, खोटं कशाला सांगू!

मग उरलेल्या अकरातल्या आठ गावातच विकायच्या ठरवल्या. कोंबडीखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली, 'हार्लनच्या आठ बंदुका विकणे आहे. घाई आहे.'

इथे माझी अक्कल शेण खायला गेली होती! साठ वर्षं पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात काढली, शिकारीच्या पहिल्या दिवशी जिथे शाळा बंद ठेवतात त्या गावात जन्मलो, आणि एवढं मला कळू नये? आमच्याकडे माणसाच्या बंदुका घरातून दोनच कारणांनी बाहेर पडतात. बायको सोडून गेली, नाहीतर वरून बोलावणं आलं. आणि रविवारी चर्चमध्ये व्हर्ना माझ्या शेजारी बसलेली अख्ख्या गावाने पाहिली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची नॅडीन दारात उभी. हातात चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं, खाली चिकटपट्टीवर तिचं नाव. आमच्याकडे असं नाव घातलेलं भांडं मयताच्या घरीच येतं. तिने माझा गाल थोपटला, "गरम असतानाच खा हो" म्हणाली आणि डोळे पुसत पळाली. मला वाटलं, थंडीने पाणी आलं असेल डोळ्यांत.

दुपारी तिचा नवरा क्लायड आला. क्लायड माझा शाळेपासूनचा दोस्त. टोपी काढून, हातात एक बंदूक घेऊन आला. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याला ती विकली होती.

"ही ठेव," तो म्हणाला. "या मोसमात तुझ्याच हातात शोभेल."

"अरे, मी विकायला काढल्यात आणि तू आणून कसला देतोस?"

"हार्लन, माझ्यापासून काय लपवतोस? तंबाखू सोडलीस. बिअर सोडलीस. होडी विकलीस. कधी नव्हे तो घरात कोट घालून बसतोस."

"काटकसर करतोय, गाढवा!"

"तुझी गाडी हॉस्पिटलबाहेर उभी होती."

"गुडघा दाखवायला गेलो होतो!"

क्लायड बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. "गुडघ्यात पण होतो का रे तो?" त्याने हळूच विचारलं.

"मला काहीही झालेलं नाही!"

"माझा बापही शेवटपर्यंत हेच म्हणत होता," असं म्हणून त्याने मला मिठी मारली.

आता काय करावं या लोकांना! नाही म्हणावं तर मी धीराचा, गप्प बसावं तर मी खचलेला. आठवडाभर रीघ लागली. ज्याला म्हणून मी कधी बंदूक विकली होती, उसनी दिली होती, पैजेत हरलो होतो, तो तो डोळ्यांत पाणी आणून ती परत ठेवून गेला. भाव विचारायला एक माणूस आला नाही. मरणाऱ्याशी घासाघीस कोण करणार? शनिवारी मोजल्या तर अकराच्या सोळा झालेल्या! आणि बटाट्यांची भांडी चौदा.

त्यातच व्हर्ना चर्चच्या स्वयंपाकघरातून परतली, चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बर्फाने शेक म्हणाले."

"खरं सांग हार्लन! साऱ्या गावाला ठाऊक आणि मलाच नाही? चौतीस वर्षं तुझे मोजे उचलले मी!" आणि ती जिन्यावर बसून ढसाढसा रडली. मी धावत जाऊन डॉक्टरची चिठ्ठी आणली. तिने ती तीनदा वाचली, माझ्या दंडाला कडकडून चिमटा काढला आणि ओरडली, "मग जा ना, सांग त्यांना!"

"सांगतोय गं! ऐकतंय कोण?"

पुढच्या शनिवारी आगीच्या बंबखान्याबाहेर पाटी लागली, 'आपल्या हार्लनच्या उपचारांसाठी जेवण आणि सोडत'. आणि सोडतीचं पहिलं बक्षीस? आजोबांची रायफल! क्लायडला ती शहरातल्या दुकानात दिसली, दस्त्यावरचं अक्षर त्याने ओळखलं, आणि गावाने वर्गणी काढून ती सोडवून आणली.

हे कळलं आणि माझा जीव वरखाली झाला. जेवायला दोनशे माणसं. हॅम आणि घेवड्याचा वास नुसता दरवळत होता, आणि माझी नजर रायफलीवरून हटत नव्हती. व्हर्नाची पाठ वळल्यावर मी माझ्याच सोडतीची वीस तिकिटं घेतली. हसू नका! तुम्हीही घेतली असती.

चर्चच्या पास्टरनी तिकिटांच्या डब्यात हात घातला. मी देवाला म्हणालो, एवढी एकदा दे, पुन्हा कधी काही मागणार नाही.

"क्लायड!" पास्टर ओरडले.

क्लायड उठला, रायफल घेतली आणि सरळ माझ्याकडे चालत आला. "तुझी आहे. तूच ठेव," तो म्हणाला आणि ती माझ्या हातात दिली. नॅडीनने हुंदका दिला. मागचे दोन बंबवाले एकमेकांच्या गळ्यात पडले.

दस्त्यावरच्या त्या वाकड्या अक्षरावरून मी अंगठा फिरवला. गप्प बसायचं! फक्त गप्प बसायचं होतं मला! पण समोर क्लायड लहान पोरासारखा रडत होता. आणि बाजूला व्हर्ना माझ्याकडे नुसती बघत होती. ते बघणं तुम्हाला माहीत नाही.

"क्लायड," मी म्हणालो, "मी मरत नाहीये रे. भट्टी मेलीय."

क्लायडने रडणं मध्येच थांबवलं.

"भट्टी?"

"तळघरातली."

"आणि तू?"

"मला गुडघा आहे फक्त."

"डॉक्टरांना नक्की खात्री आहे?"

"नक्की."

क्लायडने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि माझ्या हातातून रायफल अलगद काढून घेतली. "मग दे इकडे," तो म्हणाला. "सोडतीत लागलीय मला."

रविवारी आमच्या दारात रांग लागली. ज्याने त्याने आपापली बंदूक नेली आणि आपापलं भांडंही नेलं, घासलं नव्हतं म्हणून दोघींनी टोमणेही मारले. जमलेल्या पैशांचं काय, असं पास्टरनी विचारलं, तेव्हा मी तोंड वर करून काय सांगणार? त्यातून बंबखान्याला नवी भट्टी बसली. त्यांचीही जुनीच होती म्हणे. मी आणि व्हर्ना दुपारी तिथेच जाऊन बसतो, छान ऊब असते. घरी अकरा बंदुका आहेत, त्यातली एकही अजून विकली गेलेली नाही.

आणि हो, तेव्हापासून क्लायड रस्त्यात दिसला की मी जरासा खोकतो. तो थांबतो, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो, आणि मोठ्या आशेने मी आणखी एकदा खोकतो.

"अजून गुडघाच का रे?" तो विचारतो, आणि पुढे निघून जातो.