राजे जेवत कुठे होते?

आमच्या अरुणकाकांना किल्ला दाखवा, मकबरा दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "ते सगळं ठीक आहे हो, पण स्वयंपाकघर कुठंय?" दिल्लीतला एक गाइड शेवटी वैतागला. "अंकल, यहाँ तो सिर्फ़ मुर्दे हैं!" काका शांतपणे म्हणाले, "अच्छा, और बनानेवाले? भूखे थे?"

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेले. आमच्यासारखेच दिल्लीत, मयूर विहारमध्ये राहतात. गेल्या वर्षी काकू गेली आणि हा खवय्या माणूस जेवेनासाच झाला. काकूच्या स्वयंपाकघराला त्यांनी बाहेरून कडी घातली ती घातलीच. चहासुद्धा कोपऱ्यावरच्या टपरीवर. डबा लावून दिला, तर तो अर्धा परत. "बिल्कुल भूक नाही गं." माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

म्हणून माझ्या भावाकडे मेक्सिकोला निघालो तेव्हा काकांना जवळजवळ उचलूनच नेलं. हवापालट झाला तर चार घास खातील, एवढीच आशा. कसचं काय! तिथेही ताटाशी नुसते बसायचे.

मग एक दिवस आम्ही सगळे माया लोकांचं जुनं नगर बघायला गेलो. जंगलात सकाळचं धुकं होतं आणि त्यातून पायऱ्या-पायऱ्यांचं एक उंच देऊळ हळूहळू वर येत होतं. दगडांवर घोरपडीएवढे सरडे उन्हाची वाट बघत पडले होते. माझी बडबडी लेक इरासुद्धा माझा हात घट्ट धरून बघत राहिली. मला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

गाइड तिथलाच, माया घरातला. राजा, तारे, ग्रहणं असं रंगात येऊन सांगत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, किचन किधर है?" आणि तोंडाशी घास नेऊन दाखवला. मी कपाळाला हात लावला. पण गाइड हसला आणि आम्हाला देवळामागच्या झाडीत घेऊन गेला.

तिथे एका चौथऱ्यावर मधोमध झिजून खोलगट झालेला दगड होता.

"मम्मा, ये क्या है?" इरानं विचारलं.

"पाटा आहे, राणी," काका म्हणाले. गाइड म्हणाला, त्याची आई अजून अशाच दगडावर मका वाटते.

काका तिथेच मांडी घालून बसले. त्या खळग्यातून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. "किती वाटलं असेल गं हिनं," म्हणाले. कोण ती बाई, कुठल्या काळातली, पण काका तिच्याबद्दल शेजारीण असल्यासारखे बोलत होते. धुकं विरत चाललं होतं.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मला भात लावायला शिकवशील?"

"शिकवते की! त्यात काय एवढं?"

"पाण्याचं जमेल मला. पण एकट्यापुरता तांदूळ किती घ्यायचा गं?"

मला रडूच फुटलं. जन्मभर स्वयंपाक केला, पण एका माणसाचा भात आमच्या घरात कुणी कधी लावलाच नव्हता.