पापडाच्या कसोटीचा पाईप

मागच्या रविवारी सकाळी जळगावच्या एका गॅरेजात नुकत्याच बंद केलेल्या मोटरसायकलच्या पाईपवर उडदाचा पापड ठेवण्यात आला. तो भाजला गेला नाही. थोड्या वेळाने तो पाईप पसंत झाला.

पापड ठेवणारे गृहस्थ म्हणजे प्रल्हादनाना. मूळचे फैजपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आता आमच्या समोरच्या घरात राहतात. अंगात पांढरा सदरा, पायात चामडी चप्पल आणि दारात काळी क्रूझर मोटरसायकल. रुंद हँडल, पुढे काढलेलं चाक, आणि मागून इतकी खाली बसवलेली की कॉलनीतलं कुत्रं सीटवर सहज चढून झोपतं. नवख्या माणसाला ती मुलाची वाटते. मुलगा पुण्यात असतो आणि मोटरसायकलला घाबरतो.

गाडी नानांनी धुळ्याच्या पुतण्याकडून घेतली, ती पत्नीसाठी. त्यांना सारी कॉलनी अक्का म्हणते. अक्कांचं माहेर पहूर. थोरली बहीण तिथेच असते आणि तिला आता घराबाहेर पडता येत नाही. अक्कांना चारचाकीत मळमळतं. एसटीत वाटेतलं नेरी यायच्या आधीच त्या खिडकी मागतात. दुचाकीवर मात्र काही होत नाही. पण गुडघे गेले आणि जुन्या मोटरसायकलची सीट त्यांना उंच पडू लागली. मग नानांनी ही गाडी आणली, तिचे शॉकअप कापून घेतले आणि सीट अक्कांच्या गुडघ्याशी आणून ठेवली.

अक्का पहिल्यांदा बसल्या, त्या साडीतल्या बाया बसतात तशा, दोन्ही पाय डावीकडे सोडून. या गाडीला दोन्ही बाजूंना एकेक पाईप आहे. डावा नेमका पोटरीखाली आला. कोपऱ्यावरच चटका बसला. नाना गाडीवर आणि अक्का रिक्षात, अशी दोघं घरी परतली.

"मले नाही बसाचं तुमच्या भट्टीवर," अक्कांनी फाटकातच जाहीर केलं. "बहिणीशी फोनवर बोलीन."

दोघी बहिणींना कमी ऐकू येतं. तेव्हापासून पहूरला कोणती भाजी झाली हे कॉलनीत सगळ्यांना कळू लागलं.

नानांनी पाईप शोधायला घेतला. गॅरेज भिकनभाऊंचं. भिकनभाऊ नरडाण्याकडचे, अजूनही अहिराणीतच बोलतात. नानांची पद्धत ठरलेली होती. नवा पाईप बसवायचा, शिरसोलीपर्यंत जाऊन यायचं, इंजिन बंद करायचं आणि अक्कांची पोटरी जिथे येते तिथे पापड ठेवायचा. पापड अक्कांनीच लाटलेला. फोड आला की पाईप नापास.

पाईपबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी नानांचं उत्तर एकच, "पापडाला विचारू."

गॅरेजात येणारी तरुण पोरं सल्ले देत. एकाने आखूड पाईप सुचवला. "नाना, काय आवाज येतो! अख्खी गल्ली वळून पाहील."

"पापडाला ऐकू येत नाही," नाना म्हणाले.

आखूड पाईपवर पापड कडेपर्यंत फुलला. भिकनभाऊंनी तो मोडून सगळ्यांना वाटला. दुसऱ्या खेपेला एकाने घरून शेंगदाण्याची चटणी आणली.

मग नानांनी दोन्ही पाईप उजवीकडे वळवून पाहिले. डावी बाजू रिकामी झाली. भिकनभाऊंना वाटलं वास्तुशास्त्र आहे, त्यांनी विचारलं नाही. पण खाली बसवलेल्या गाडीचा खालचा पाईप कॉलनीच्या गतिरोधकावर असा घासला की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी ठिणग्या पाहिल्या आणि तशाच आत गेल्या. पाईप पुन्हा दोन्हीकडे गेले.

"हाई गाडी शे का चूल शे, नाना?" भिकनभाऊ वैतागले. त्यांचे सगळे पाईप दाखवून झाले होते. "बठ्ठा पाईप दखाडी दिधात. आते काय सोनाना पाईप लावू?"

"सोनं तर लवकर तापतं," नाना म्हणाले.

शेवटी धुळ्याच्या कारागिराकडून लांब पाईप करून आणला. इंजिनापासून पायदानाखालून सरळ मागे जाणारा, मागच्या चाकाच्याही पलीकडे संपणारा, वर जाळीचं कव्हर. धूर पार मागे सुटणार, आणि पोटरीच्या जागी कव्हर. "गाडीपेक्षा पाईप लांब," एक पोरगा म्हणाला. तोच हा रविवारचा पाईप. त्या दिवशी नानांनी मलाही सोबत नेलं होतं.

पापड कच्चाच राहिला. भिकनभाऊंनी हात जोडले. "लागनं एकदाचं लगीन!"

पण नानांनी मान हलवली नाही. त्यांनी डाव्या पायाची पँट वर दुमडली आणि पोटरी कव्हरला टेकवली. टेकवूनच ठेवली. पोटरीवर काळपट डाग होते, एकाखाली एक, काही जुने, एक अजून ओला.

"पापड पास झाया तरी नाना असंच करतस," भिकनभाऊ मला हळूच म्हणाले.

"पापड कोरडा असतो," नाना म्हणाले. "माणसाची कातडी तशी नसते." मग पाय काढून त्यांनी पोटरी चाचपली. "बसव पक्का." माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला सांगू नका. पुन्हा बसायची नाही."

मी सांगितलं नाही. तशी गरजही नव्हती. सोमवारी नाना पेट्रोल भरायला गेले असताना अक्का फाटकात उभ्या होत्या. मी गाडीचा विषय काढला.

"पाय पाह्यला ना तुम्ही?" त्यांनीच विचारलं. "दुपारी ते झोपले की मी खोबरेल लावते. त्याईले वाटते, आपोआप बरं होते."

"मग थांबवलं का नाही?"

"एकदा पापडच लपवले. ते दुकानातून घेऊन गेले." अक्कांनी पदर नीट केला. "माणूस ऐकते का? आता पाईप भेटला म्हणतात. बसून पाह्यते."

मंगळवारी सकाळी अक्का पायरीवरून थेट सीटवर बसल्या. गुडघा वाकवावा लागला नाही. पदरावर हेल्मेट, मांडीवर पिशवी. नानांनी मागे हात नेऊन त्यांचा डावा पाय पायदानावर नीट ठेवला. गतिरोधकावर गाडी अगदी हळू चढली आणि तशीच उतरली. काही घासलं नाही. कोपऱ्यावर नाना थांबले आणि त्यांनी मागे वळून काहीतरी विचारलं. अक्कांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. गाडी अजिंठा रस्त्याला लागली.

दुपारी पहूरहून भाच्याचा फोन आला. दोघं पोचली होती. वाटेत अक्कांना काही त्रास झाला नव्हता, पोटरीला काही लागलं नव्हतं. नाना गाडी सावलीत लावत होते. दोघी बहिणी एका ताटात जेवायला बसल्या होत्या.